विहिरीतला दिवा

उत्तर मिशिगन
३ डिसेंबर १९७३

प्रिय हिल्मा,

तुझं पत्र मिळालं आणि संत्र्यांची पेटीही मिळाली. दोन संत्री वाटेत नासली होती. बाकीची मी खिडकीत मांडून ठेवली आहेत. बाहेर जिकडे बघावं तिकडे पांढरं नाहीतर करडं, डोळ्यांना काहीतरी रंग हवा. हळूहळू खाईन. भराभर खाल्ली तर मागे उरणार काय?

एकटी कशी राहशील, असं तू तिसऱ्यांदा विचारलं आहेस. अगं, मी सत्तर वर्षांची आहे, सात वर्षांची नाही. तुझा दादा जुलैत गेला तेव्हापासून मी रोज चूल पेटवते, रोज दार झाडते, आता दारातला बर्फ झाडते, आणि रोज दोन कप कॉफी पिते, दुसरा त्याच्या वाटचा. आपली पैज तुझ्या लक्षात असेलच, पण तुझी स्मरणशक्ती सोयीची आहे म्हणून परत लिहिते. हा एक हिवाळा मी इथे काढायचा. कुणालाही मदतीला हाक न मारता निभावला, तर घर राहील आणि तू विकण्याचा विषय पुन्हा काढायचा नाहीस. हाक मारावी लागली, तर वसंतात घर विकायचं आणि मी मुकाट्याने फ्लोरिडात येऊन तुझ्या शेजारच्या खोलीत राहायचं. तिथे म्हणे आपल्या फिनिश विधवा दर दुसऱ्या अंगणात वाळत घातल्यासारख्या बसलेल्या असतात. मला इतक्यात वाळायचं नाही.

इथे रेडिओवर सकाळ-संध्याकाळ एकच, तेलाची टंचाई आहे, वीज वाचवा, दिवे विझवा. मला हे सांगायला सरकार कशाला हवं? तरी मागच्या आठवड्यात घरभर फिरले आणि जे जे उगाच जळत होतं ते ते बंद केलं. त्यात एक गंमत झाली. तळघराच्या जिन्यात, बटाट्यांच्या पेटीमागे, एक बटण सापडलं. चालू होतं. बंद केलं तर काहीच विझलं नाही. पुन्हा चालू केलं तर काहीच पेटलं नाही. भर दुपारी अंगणात जाऊनही पाहून आले. तुझ्या दादाचीच कुठलीतरी अर्धवट करामत, दुसरं काय. इतकी वर्षं ते बटण उगाच चालू होतं. बंद करून टाकलं. आता बघ बिल कसं उतरतं.

शेजारचा यालमारी जिवंत आहे. धुराड्यातून धूर निघतो त्यावरून कळतं. दफनाच्या दिवशी तो रस्त्यापलीकडे टोपी काढून उभा होता, हे तूही पाहिलंस. चर्चच्या फाटकाच्या आत मात्र पाऊल टाकलं नाही. चाळीस वर्षांत बोलला नाही तो आता काय बोलणार, आणि मी तरी कशाला बोलू?

तुझी वहिनी,
लेम्पी


लेक वर्थ, फ्लोरिडा
१२ डिसेंबर १९७३

प्रिय वहिनी,

शाबास. बटण बंद केलंस ते उत्तम केलंस. दादाला सवयच होती, घरात कुठेतरी तार ओढून ठेवायची आणि कुणाला सांगायचं नाही. लहानपणी त्याने कोंबड्यांच्या खुराड्यात घंटा बसवली होती. ती कशासाठी होती ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. बहुतेक कोंबड्यांनाही नाही.

आता चिडू नकोस, पण शिकागोच्या एका माणसाचं पत्र आलंय. त्याला शिकारीच्या दिवसांसाठी उत्तरेत एक घर हवंय. आपलं घर त्याने रस्त्यावरून पाहिलंय आणि त्याला आवडलंय. किंमत बरी देतोय. जानेवारी संपेपर्यंत हो की नाही ते सांगा म्हणतो. मी काही बोललेले नाही. पैज म्हणजे पैज. पण वहिनी, मी रोज सकाळी दारात उभी राहून कोवळं ऊन अंगावर घेते आणि माझ्या मनात येतं, ती तिकडे फावडं घेऊन उभी असेल. माझा नवरा गेला तेव्हा डेट्रॉइटच्या घरात मीही अशीच हट्टाने दोन हिवाळे काढले. कुणी शाबासकी दिली नाही. नुसती कंबर गेली.

यालमारीचं मात्र तू बरोबर लिहिलंस. दुकानाची ती सभा मला अजून दिसते. गावाचं सहकारी दुकान फुटून दोन दुकानं झाली, कम्युनिस्ट हॉलवाल्यांचं एक आणि चर्चवाल्यांचं दुसरं, आणि दादाने यालमारीवर खुर्ची उगारली. आदल्या वर्षीच दोघांनी मिळून आपली विहीर खणली होती. कमरेला एकच दोर बांधून आळीपाळीने उतरायचे. आणि सभेनंतर एकमेकांच्या दुकानातली काडेपेटीसुद्धा घरात येईना. माणसं वेडीच असतात गं.

फोन करत नाहीस ते ठीकच आहे. सहा घरांत मिळून तुमची एकच लाइन, सगळ्यांचे कान लागलेले असतात. पण पत्र तरी वेळेवर टाकत जा.

तुझी,
हिल्मा


उत्तर मिशिगन
१० जानेवारी १९७४

प्रिय हिल्मा,

नाताळ छान झाला. वेलदोड्याचा पाव केला, चार घरी वाटला, उरलेला अजून खातेय.

इकडे सगळं ठीक आहे. थंडी मात्र यंदा जोराची. डिसेंबरभर बर्फाची चांगली जाड गोधडी होती, पण वर्ष बदललं आणि तीन दिवस असा वारा सुटला की अंगण झाडून पार उघडं केलं. मग पारा खाली गेला तो वर यायचं नावच घेत नाही. रात्री भिंतीतले खिळे फटाफट वाजतात. मला आता त्याची सवय झाली आहे.

सध्या मी बर्फ वितळवून त्याची कॉफी करते. बर्फाच्या पाण्याची कॉफी जरा मऊ लागते. आपल्या म्हाताऱ्या उगाच नाही तसं करायच्या. कपडे धुणं या आठवड्यात राहू दिलं, एकटीला असे किती लागतात? अक्षर वाकडं आलंय ते खांदा जरा भरून आलाय म्हणून. बाकी काही नाही.

तुझ्या शिकागोवाल्याला म्हणावं, थांब.

लेम्पी


लेक वर्थ
१५ जानेवारी १९७४

वहिनी,

पाणी कधी बंद झालं?

मला फसवू नकोस. बर्फाच्या पाण्याच्या कॉफीला ओल्या कोटाची चव येते, हे वाक्य कुणाचं? तुझं. माझ्या लग्नात सगळ्या बायकांसमोर तू ते माझ्या सासूला ऐकवलं होतंस. बावन्न साली वीज गेली होती, तेव्हाही तू दोन दिवस बिनकॉफीची राहिलीस, पण बर्फाच्या पाण्याची प्यायली नाहीस. आणि आता म्हणे मऊ लागते. कपडे नाही, अंघोळ नाही, आणि शनिवारच्या साउनाचं तर पत्रात नावच नाही. शनिवारी अंगणातल्या त्या न्हाणीघराची भट्टी पेटवून तू वाफ घेतली नाहीस असं पत्र मला आजवर आलेलं नाही. मी अडुसष्ट वर्षांची झाले म्हणून काय मला वाचता येत नाही?

खांदा भरून आलाय तो बर्फाच्या बादल्यांनी. चूल ते अंगण आणि अंगण ते चूल. एखाद्या दिवशी पाय घसरून पडशील आणि टपालवाला येईपर्यंत तिथेच पडून राहशील. मग मी इथे संत्री सोलत बसू का?

खरं काय ते लिही. पैजेचं मागाहून बघू. मला पैज जिंकायची नाही, मला तू हवी आहेस.

हिल्मा


उत्तर मिशिगन
२२ जानेवारी १९७४

प्रिय हिल्मा,

बरं बाई, पकडलंस.

पाणी सात तारखेला बंद झालं. सकाळी नळ उघडला, थोडी गुळणी आली, मग नुसती हवा. मोटरचा आवाजच येत नव्हता. फ्यूज पाहिला, ठीक होता. बदलूनही पाहिला. तळघरातल्या नळ्यांना गरम फडकी गुंडाळली. त्या गोठलेल्या नव्हत्याच. विहिरीच्या झाकणावर बर्फाचा थर होता तो पहारीने फोडला आणि आत टॉर्च मारला. खाली मिट्ट काळोख, मोटर मुकाट बसलेली. याहून जास्त मला काय कळणार? विहीर हे तुझ्या दादाचं राज्य होतं. स्वयंपाकघर माझं आणि विहीर त्याची, अशी आमची वाटणी. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात मी त्या झाकणाखाली एकदाही उतरले नाही.

शेवटी गावातल्या मोटरवाल्याला फोन केला. हो, केला. म्हणजे हाक मारलीच. तो बिचारा माझ्यासारख्याच तीस जणांच्या मागे धावतोय. दोन आठवडे तरी यायला जमणार नाही म्हणाला. फोनवरच त्याने अंदाज सांगितला, जुनी विहीर आहे, आटली असेल, मोटर कोरडी चालून जळली असेल. बर्फ वितळल्यावर नवी विहीर खणायला लागेल, असंही म्हणाला. खरंखोटं त्यालाही माहीत नाही, पण मी फोन ठेवला आणि बर्फ भरायला बादली उचलली.

तेव्हापासून बर्फ वितळवते. घंगाळभर बर्फ टाकावा आणि तांब्याभर पाणी मिळावं, हा हिशोब. भांडी आणि संडास यातच दिवस जातो. मी पाण्याबद्दल आयुष्यात कधी इतका विचार केला नव्हता. इतकी वर्षं नळ सोडला की पाणी येत होतं आणि एकदाही त्याबद्दल मी देवाचे आभार मानले नाहीत. जेवणाचे मानले, पाण्याचे नाही. आता रोज मानते, तर ते येत नाही.

काल दारात पडले. लागलं नाही फारसं. पण पडल्या पडल्या वर आकाशाकडे बघत होते आणि मनात आलं, हिल्मा म्हणते तेच खरं.

तेव्हा लिहून टाकते, म्हणजे मागे फिरायला नको. मी हरले. शिकागोवाल्याला हो म्हणून कळव. वसंतात येईन. मला कुठलीही खोली चालेल. फक्त खिडकी उत्तरेला नसलेली बघ, आपल्या घराला उत्तरेला खिडकी नाही, मला तशीच सवय आहे.

हे पत्र आता रस्त्यावरच्या पेटीत टाकून टपालवाल्याला कळावं म्हणून तिचा लाल झेंडा वर करते. तो दुपारी येईल.

तुझी,
लेम्पी


उत्तर मिशिगन
२८ जानेवारी १९७४

प्रिय हिल्मा,

पाणी आलं.

हे आधी लिहिते, म्हणजे बाकीचं तुला नीट बसून वाचता येईल. नळ सोडलाय आणि मी तो मुद्दाम बंद न करता त्याच्याशेजारी बसून लिहिते आहे. वाहू दे थोडं. आज मी वीज, पाणी, काहीच वाचवणार नाही.

काल रविवारी चर्चला गेले नव्हते. दुपारी दारावर थाप पडली. उघडलं तर यालमारी. पायाने ढकलायची ती घसरगाडी घेऊन आला होता आणि गाडीवर दोन झाकणवाल्या बादल्या बांधलेल्या. अंगावर मेंढीच्या कातड्याचा कोट, मिशांवर बर्फ. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या पायरीवर उभा, आणि नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"तीन शनिवार तुझ्या साउनातून धूर नाही," तो म्हणाला. "पहिल्या शनिवारी म्हटलं, पडसं झालं असेल. दुसऱ्या शनिवारी म्हटलं, रुसून बसली असेल. तिसऱ्या शनिवारी बूट शोधले. शनिवारी साउना पेटत नाही म्हणजे त्या घरात एक तर माणूस मेलेलं असतं, नाहीतर पाणी."

"माणूस जुलैतच मेलं," मी म्हटलं. "आता पाणी मेलंय."

"आत येऊ का?"

"ये की. मी काय तुला अडवलंय?"

"तू नाही अडवलं. तो अडवायचा." मग बूट आपटत आत आला आणि कोटाच्या खिशातून त्यांच्या दुकानातल्या कॉफीचं पुडकं काढून टेबलावर ठेवलं. "पाणी माझं, कॉफीही माझी. चूल तेवढी तुझी. तुमच्या दुकानातली कॉफी या वयात माझ्या पोटाला मानवायची नाही."

मी हसले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसले. त्याच्या पाण्याची कॉफी केली. पहिल्यांदा विचारलं, नको म्हणाला. दुसऱ्यांदा विचारलं, नको म्हणाला. तिसऱ्यांदा विचारल्यावर कप पुढे केला. हॉलवाला असो की चर्चवाला, निदान एवढी रीत दोघांची सारखी आहे.

कप खाली ठेवून त्याने विचारलं, "दिवा का विझवलास?"

मला कळेना. "कुठला दिवा?"

"विहिरीतला."

हिल्मा, विहिरीत दिवा आहे. झाकणाखाली माणूसभर खोल कप्पा आहे, त्यात मोटर बसवलेली आहे, आणि झाकणाला लागून, कठड्याच्या आड, साधा साठ वॉटचा बल्ब टांगलेला आहे. तुझा दादा दर नोव्हेंबरात तो लावायचा आणि मे महिन्यात विझवायचा. गेल्या मे महिन्यात मात्र दुखण्यात विझवायचा राहून गेला, म्हणून मला ते बटण चालू सापडलं. उजेडासाठी नाही, उबेसाठी. वरून झाकण आणि पेंढा, आत एक बल्ब, तेवढ्या उबेने सगळा हिवाळा निघायचा. झाकणाच्या एका फटीतून उजेडाची रेघ बाहेर पडते, पण ती उत्तरेला. आपल्या घराला उत्तरेला खिडकी नाही. यालमारीचं स्वयंपाकघर मात्र त्याच बाजूला आहे. पाच वाजता अंधार पडला की शेतापलीकडे ती रेघ त्याला दिसायची.

"नोव्हेंबराच्या शेवटी रेघ गेली," तो म्हणाला. "मला वाटलं, सरकारचं ऐकून काटकसर करते आहे. येऊन सांगावं असं दहादा मनात आलं. पण आम्ही पडलो हॉलवाले, आमचं कोण ऐकतंय?"

मी तळघरात गेले. बटाट्यांची पेटी सरकवली आणि ते बटण चालू केलं. परत वर आले तर यालमारी अंगणात विहिरीचं झाकण उचलून उभा होता. "लागला," एवढंच म्हणाला.

काटकसरीचं ते बटण, ज्याला तू शाबासकी दिलीस, तेच ते. स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला मी, आणि वर बिल उतरेल म्हणून खूश होते.

पण नुसता दिवा लावून पाणी येईना. कुणीतरी खाली उतरायला हवं होतं. यालमारीचे गुडघे आता वाकत नाहीत. "तू उतर," तो म्हणाला, "मी वरून शिव्या देतो." मी तुझ्या दादाची पँट चढवली, गरम पाण्याची रबरी पिशवी आणि फडकी घेतली आणि लोखंडी पायऱ्यांवरून उतरले. हिल्मा, दादाने सगळं कसं मांडून ठेवलंय ते तू पाहायला हवं होतंस. पुसलेलं, तेल दिलेलं, पाने खिळ्यांना टांगलेले. मोटर तळाशी होती, तिथवर गारठा पोचलेलाच नव्हता. पण मोटरला चालू आणि बंद करणारी जी डबी असते, ती त्याने वर, झाकणाजवळ बसवली होती. कारण त्याची पाठ. वाकायला नको म्हणून. त्या डबीला बोटाएवढी एक नळी आहे आणि पाण्याचा दाब त्या नळीतून डबीला कळतो. तीच गोठली होती. टाकी रिकामी होती आणि गोठलेली नळी डबीला सांगत होती, सगळं ठीक आहे, भरलेलं आहे. म्हणून मोटर गप्प. मी दहा तारखेला तुला लिहिलेल्या पत्रासारखंच.

पिशवी नळीला धरून बसले. यालमारी वरून ओरडत होता, "जोरात धर, ती काही तुझी सासू नाही." पिशवी गार झाली की तो दोरीने गरम पाण्याचा डबा खाली सोडायचा. मग एकदम डबीत खट्ट झालं आणि मोटर गुरगुरायला लागली. मी त्या कप्प्यात, त्या बल्बखाली, भिंतीला पाठ टेकून रडले. वर यालमारीने ऐकलं असणार, पण एकही शिवी दिली नाही.

जाताना दारात उभा राहिला आणि टोपी हातात फिरवत होता. मग म्हणाला, "तुला एक सांगायचं होतं. एकोणसाठ साली बायको गेली माझी, इडा, ते आठवतं?"

"आठवतं. जून महिना होता."

"त्या वर्षीही तुझ्या नवऱ्याने मे महिन्यात दिवा विझवला होता, नेहमीसारखा. इडाला पोचवून आलो त्या संध्याकाळी मी खिडकीशी बसलो होतो. आणि रेघ लागली. तो सगळा उन्हाळा ती विझली नाही." त्याने टोपी घातली. "उन्हाळ्यात विहीर गोठत नसते, लेम्पी."

हिल्मा, मी सेहेचाळीस वर्षं त्या माणसाच्या शेजारी झोपले आणि मला हे माहीत नव्हतं. तो यालमारीशी बोलला नाही, इडाच्या अंत्ययात्रेला गेला नाही, मला पाव करून पाठवू दिला नाही. मी त्या उन्हाळ्यात त्याला दगड म्हटलं होतं. आणि हा तळघरात जाऊन बटाट्यांमागचं बटण दाबून आला होता. आता मी कुणाचे आभार मानू? ज्याने दिवा ठेवला त्याचे, की ज्याने ती रेघ इतकी वर्षं बघितली त्याचे? दोघांचेही मानते, आणि त्या थंडीचेही मानते. ती पडली नसती तर मला काहीच कळलं नसतं.

आता तू. माझं बावीस तारखेचं पत्र तुला मिळालं असणार. शब्द दिलाय आणि तो मी परत मागत नाही. शिकागोवाल्याला तू होकार कळवला असशील तर मी येईन, तोंड वाकडं न करता येईन. पण कळवला नसशील, तर पैजेचा निकाल तू लाव. मी मोटरवाल्याला हाक मारली, तो आला नाही. यालमारीला मारली नाही, तो आला. मी हरले की जिंकले, मला खरंच कळत नाही.

तुझी,
लेम्पी


लेक वर्थ
३ फेब्रुवारी १९७४

प्रिय वहिनी,

तुझं होकाराचं पत्र मला मागच्या शनिवारी मिळालं. चार वर्षं मी त्या होकाराची वाट पाहत होते, दादा होता तेव्हापासून. वाचलं आणि रडायला आलं, आणि ते रडणं आनंदाचं नव्हतं. मला वाटलं होतं मी नाचेन.

शिकागोला फोन करायला उठले. नंबर फिरवायला घेतला आणि मध्येच ठेवला. म्हटलं, जेवून करू. जेवले. म्हटलं, सोमवारी करू. सोमवारी म्हटलं, मुदत तर गुरुवारपर्यंत आहे, घाई काय? वहिनी, आपल्या लोकांच्या सगळ्या पोरांसारखी मीही त्या साउनात जन्मले. आईने तिथेच मला पहिल्यांदा पाण्यातून काढलं, त्याच विहिरीच्या आधीच्या विहिरीच्या पाण्यातून. तिथे तो माणूस बंदुका ठेवणार, बूट वाळवणार. त्याचं काही चुकत नाही, पण मला ते डोळ्यांसमोर आणवेना. मी तुला इतकी वर्षं ये ये म्हणत होते, ते घर तिथे राहणारच हे धरून. तू निघालीस तर मी उत्तरेकडे तोंड करून कुणाला पत्र लिहू?

गुरुवार गेला. मी फोन केला नाही. शुक्रवारी त्याने स्वतःच केला, आणि मी त्याला सांगितलं, घर विकायचं नाही, तिथे माणूस राहतं. त्या वेळी तुझं दुसरं पत्र अजून आलेलं नव्हतं, हे लक्षात ठेव. तुझ्या घरी पाणी आहे की नाही मला माहीत नव्हतं, आणि मी नाही म्हणून बसले. फोन ठेवला आणि घाबरून गेले, की हे काय केलं मी, ती तिथे तहानेने मरेल. रात्रभर डोळा लागला नाही. शनिवारी तुझं पत्र आलं. "पाणी आलं" एवढं वाचलं आणि दारातच बसकण मारली. शेजारीण धावत आली, तिला वाटलं कुणी गेलं.

पैजेचा निकाल असा. तू हरलीस, मी हरले आणि घर जिंकलं. पुन्हा विषय काढणार नाही.

दादाचं वाचून मी काय लिहू? त्याने उगारलेली खुर्ची मी चाळीस वर्षं सांगत फिरले. हा दिवा कुणी सांगितलाच नव्हता. आता भेटेल त्याला सांगते. काल टपालवाल्यालाही सांगितला.

सोबत तुझं होकाराचं पत्र परत पाठवते आहे, चूल पेटवायला घे. संत्र्यांची पेटीही निघाली आहे. सावकाश उघड, मध्ये मध्ये साठचे बल्ब गुंडाळून ठेवलेत. निम्मी संत्री यालमारीला दे. सांग, ही कुठल्याच दुकानातली नाहीत, झाडावरची आहेत.

तुझी,
हिल्मा


उत्तर मिशिगन
२० मे १९७४

प्रिय हिल्मा,

बर्फ गेला. विहिरीभोवती पिवळी फुलं आली आहेत. मोटरवाला शेवटी येऊन गेला, बघून म्हणाला, ही विहीर अजून तुमच्या नातवंडांना पुरेल. मी म्हटलं, नातवंडं नाहीत, नणंद आहे, तिला पुरली तरी चालेल.

तू जूनमध्ये येतेस हे वाचून पायरीच्या फळ्या बदलून घेतल्या. शनिवारी ये, म्हणजे उतरल्या उतरल्या साउना तापलेली असेल. यालमारी आता शनिवारी येतो. आधी तो वाफ घेतो, मग मी, मग कॉफी. कॉफीचा प्रश्न अजून सुटलेला नाही, टेबलावर दोन डबे असतात.

परवा त्याने पहिला कप संपवला. मग म्हणाला, "मे संपत आला. दिवा विझवायचा राहिला तुझा."

मी म्हटलं, "राहिला नाही. ठेवलाय."

त्याने कप पुढे केला आणि पहिल्याच विचारण्याला दुसरी कॉफी घेतली.

तेव्हा हिल्मा, तुला घरभर फिरून दिवे विझवायची खोड आहे ती मला माहीत आहे. बाकी घरात काय हवं ते विझव. पण तळघरात बटाटे आणायला गेलीस तर पेटीमागच्या बटणाला हात लावू नकोस. ते चालू आहे, तसंच राहू दे.

तुझी वहिनी,
लेम्पी